ऑटिझमवर ‘घरच्या घरी उपचार’ : गोव्यातल्या अभ्यासात नेमकं काय मोजलं?

२ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागृती दिन. त्याच्या आसपास वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास दिसतो : ‘तज्ज्ञाशिवाय, घरच्या घरी उपचार शक्य’. पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर तो फिरतो आणि त्याचे दोन टोकांचे अर्थ निघतात. कुणी म्हणतं, आता बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या फेऱ्या संपल्या, व्हिडिओ बघून आपणच करू. कुणी म्हणतं, डॉक्टर पुरत नाहीत म्हणून सरकार कुणालातरी दारात पाठवून वेळ मारून नेणार. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. ज्या अभ्यासावर हा दावा उभा आहे, त्यातली जवळजवळ निम्मी मुलं गोव्यातली होती. म्हणून तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे इथल्या वाचकाला तरी नीट माहीत असावं.

ऑटिझम म्हणजे काय, आणि किती मुलांना?

ऑटिझम म्हणजे मेंदूच्या वाढीतला जन्मजात वेगळेपणा. त्याच्या खुणा दोन प्रकारच्या. पहिली, इतरांशी देवाणघेवाण करण्यातली अडचण : नावाने हाक मारली तर वळून न बघणं, बोटाने दाखवून ‘ते बघ’ न म्हणणं, बोलणं उशिरा येणं किंवा न येणं. दुसरी, तेच तेच करण्याची ओढ : गाड्या ओळीत लावत राहणं, ठरलेला रस्ता बदलला की आकांत, मिक्सरच्या आवाजाने कान झाकून घेणं. प्रत्येक मुलात या खुणांचं प्रमाण वेगळं असतं. एक मूल अखंड बोलतं पण गप्पा मारू शकत नाही, दुसरं एक शब्दही बोलत नाही.

भारतात २ ते ९ वर्षांच्या मुलांमधल्या मेंदूविकासाच्या अडचणी मोजणारा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पाच ठिकाणांपैकी एक उत्तर गोवा होतं. ऑटिझम, अपस्मार, श्रवणदोष, मतिमंदत्व, अध्ययन अक्षमता अशा नऊ अडचणी त्यात धरल्या होत्या. पाचही ठिकाणं मिळून, २ ते ६ वर्षांच्या मुलांत ९.२ टक्के आणि ६ ते ९ वर्षांच्या मुलांत १३.६ टक्के मुलांना यातली किमान एक अडचण होती. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात चार-पाच मुलं. हा आकडा नऊही अडचणींचा मिळून आहे, एकट्या ऑटिझमचा नव्हे. पण अशा अडचणी काही दुर्मीळ नाहीत.

एक तास आणि चौऱ्याऐंशी तास

लहान मूल दिवसाला साधारण बारा तास जागं असतं, आठवड्याचे झाले चौऱ्याऐंशी. पेडण्याहून किंवा सत्तरीतून बस बदलत येणाऱ्या कुटुंबाला वाचा-उपचारतज्ज्ञाचा आठवड्याला एक तास मिळाला, तरी नशीब म्हणायचं. उरलेले त्र्याऐंशी तास मूल घरच्यांबरोबर असतं. त्या तासांतलं थोडंसं जरी बदललं तर काय होईल, असा विचार मँचेस्टर विद्यापीठातले बालमानसोपचारतज्ज्ञ जोनाथन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांनी जी पद्धत तयार केली तिचं नाव पॅक्ट. तिची १५२ लहान मुलांवरची इंग्लंडमधली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे मात्र ही पद्धत प्रशिक्षित वाचा-उपचारतज्ज्ञच वापरत होते.

गोव्यातली ‘संगत’ ही संस्था, मँचेस्टर आणि लिव्हरपूल विद्यापीठं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचे संशोधक यांनी पुढचा प्रश्न विचारला : तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या कार्यकर्त्याने हेच केलं तर? इथल्या घरांना साजेशी करून घेतलेली ही पद्धत म्हणजे पास. हे दोन शब्द एवढे लक्षात ठेवावेत : पॅक्ट म्हणजे इंग्लंडातली मूळ पद्धत, पास म्हणजे गोवा-रावळपिंडीचा अवतार.

हा प्रयोग गोव्यात आकाशातून पडला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना मदत करावी, यावरची २४ दवाखान्यांतली मोठी चाचणी इथेच झाली आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सरकारी केंद्रांत तिचा फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत नाही. असे निकाल जसेच्या तसे छापले गेले, म्हणून त्या कामावर विश्वास ठेवायचा.

घरी येऊन करतात तरी काय?

मुलाला ‘शिकवत’ नाहीत. कार्यकर्ती मुलाशी खेळतही नाही. खेळतात आई किंवा बाबा, आणि त्यांचं चित्रीकरण होतं.

खाली चटई. त्यावर चार-पाच वस्तू : चेंडू, साबणाचे फुगे, स्टीलच्या वाट्या, कपड्यांचे चिमटे, एखादी गाडी. बॅटरीवर गाणारी खेळणी बाजूला ठेवायची, कारण ती स्वतःच सगळं करतात, मुलाला माणसाची गरजच उरत नाही. टीव्ही बंद. फोन किंवा कॅमेरा स्टुलावर अशा उंचीला की मुलाचा चेहरा आणि मोठ्या माणसाचे हात दोन्ही दिसतील. मागे खिडकी नको, चेहरे काळे पडतात. मग साधारण दहा मिनिटं नेहमीसारखं खेळायचं.

त्यानंतर पालक आणि कार्यकर्ती मिळून ते चित्रीकरण बघतात. खरं काम आता सुरू होतं. कार्यकर्ती चुका दाखवत नाही. ती जमलेला क्षण शोधून तिथे थांबवते.

‘इथं थांबूया. आत्ता त्यानं काय केलं?’
‘वाटी माझ्याकडे सरकवली.’
‘त्याआधी तुम्ही काय करत होता?’
‘काहीच नाही. गप्प बसले होते.’

हे ‘काहीच नाही’ आईच्या स्वतःच्या तोंडून यावं लागतं. मुलाने केलेली देवाणघेवाण इतकी बारीक असते, एखादी नजर, अर्ध्या सेकंदाचा हात, की प्रत्यक्ष खेळताना ती सुटते. चित्रीकरण थांबवून, मागे नेऊन बघता येतं. भेट संपताना पुढच्या दोन आठवड्यांसाठी एक किंवा दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवतात. रोज वीस ते तीस मिनिटं सराव, वाटल्यास दोन तुकड्यांत. अशा बारा भेटी.

पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि क्रम मोडायचा नाही. आधी मूल कुठे बघतंय ते बघायचं, त्याच्या समोर त्याच्या उंचीला बसायचं. मग त्याच्या खेळाला साथ द्यायची. भजनाला पखवाजाची साथ करणारा गायकाची चाल धरून वाजवतो, स्वतःची लय लादत नाही. तसं मुलाने गाडी ढकलली की आपणही ढकलायची, ‘गाडी पळाली’ म्हणायचं, आणि थांबायचं. ‘हा कुठला रंग? चाकं किती? मोज बघू’ ही परीक्षा बंद.

तिसरी पायरी भाषेची. मूल एकही शब्द बोलत नसेल तर आपण एकेका शब्दात बोलायचं : ‘पाव.’ ‘फुगा.’ ते एक शब्द बोलत असेल तर आपण दोन : ‘गरम पाव.’ लांब वाक्यांच्या पुरात हवा तो शब्द वाहून जातो. चौथीत ठरलेल्या घटना वापरायच्या. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की दार उघडायच्या आधी थांबायचं, मुलाकडे बघायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. त्या रिकाम्या जागेत मूल आवाज काढेल, हात ओढेल, दाराकडे बघून आपल्याकडे बघेल. यातलं काहीही चालतं, लगेच दार उघडायचं. पुढच्या दोन पायऱ्यांत मागण्यापलीकडची देवाणघेवाण येते, म्हणजे नकार देणं, दाखवणं, सांगणं, आणि ती हळूहळू लांबवणं.

कुठे बिघडतं

सर्वांत जास्त बिघडतं ते चौथ्या पायरीच्या त्या दहा आकड्यांत. मोठ्या माणसांना शांतता सोसत नाही. दोन मोजून होत नाहीत तोच ‘पाव म्हण, पाव!’ सुरू होतं आणि मुलाची पाळी हिरावली जाते.

दुसरं, एकत्र कुटुंब. आई थांबते, पण आजी आतून ओरडते, काका टाळ्या वाजवतात. तीन दिशांनी आलेले आवाज वेगळे करणं ऑटिझम असलेल्या मुलाला अनेकदा अवघड जातं. सरावाच्या वेळी एका वेळी एकच माणूस खेळेल, बाकीचे उठून जातील, हे घरात आधी बोलून ठरवावं. आजीला हाकलायचं नाही, तिला तिची स्वतंत्र पंधरा मिनिटं द्यायची. बऱ्याचदा तीच सगळ्यांत छान जमवते.

तिसरं, वेळ. भूक, झोप, ताप किंवा दमट दुपारची काहिली यांत सराव केला की मूल चिडतं आणि ‘हे आमच्याकडे चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. आणि चौथं, पायरी ओलांडण्याची घाई. बोलणं हवं असतं म्हणून थेट तिसरीवर उडी. पहिल्या दोन पक्क्या नसतील तर शब्द ऐकायला मूल आपल्याकडे बघतच नसतं.

मोजलं कसं, निघालं काय

मूल वाढतंच, उपचार असो वा नसो. सहा महिन्यांनी थोडी प्रगती दिसणार, मग ती कशामुळे झाली? हे ओळखण्यासाठी पासच्या चाचणीत २०१३ मध्ये ६५ मुलांची दोन गटांत वाटणी झाली. कोण कुठल्या गटात हे पालकांनी किंवा डॉक्टरांनी ठरवलं नाही. ते सोडतीसारख्या पद्धतीने ठरलं, फक्त वय, ठिकाण आणि अडचणीची तीव्रता दोन्हीकडे समसमान राहील एवढं बघून. ३२ मुलांना नेहमीच्या उपचारांसोबत पास, ३३ मुलांना फक्त नेहमीचे उपचार. गोव्यातली मुलं दोन्ही गटांत पंधरा-पंधरा. आठ महिन्यांनी मोजणाऱ्यांना कुठलं मूल कुठल्या गटातलं हे ठाऊक नव्हतं, कारण ठाऊक असतं तर नजर आपोआप पक्षपाती होते. ३२ पैकी २६ कुटुंबांनी उपचार पूर्ण केला. हा आकडा चांगला आहे, पण सहा घरांना ते जमलं नाही हेही त्यातच आहे.

परिणामाचा आकार एका आकड्यात सांगतात. ढोबळमानाने ०.२ म्हणजे लहान, ०.५ मध्यम, ०.८ च्या वर मोठा. पासमध्ये पालकांच्या साथीतला फरक १.६१ आला. मुलाने स्वतःहून संवाद सुरू करण्यातला फरक ०.९९. दोन्ही मोठे. तिसरी गोष्ट, पालक आणि मूल यांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याचा वेळ, उलट कमी झाला : उणे ०.७०. मथळ्यांत हा तिसरा आकडा कधीच येत नाही. ६५ मुलांच्या चाचणीतून त्याचं कारण ठरवता येत नाही. संशोधकांनी तो गाळला नाही, यासाठी त्यांना पैकीच्या पैकी गुण.

आणखी एक गोष्ट. सर्वांत मोठा बदल पालकांच्या वागण्यात आहे, कारण शिकवणी त्यांचीच होती. मुलापर्यंत पोचताना तो उतरतो. इंग्लंडच्या २०१० च्या चाचणीत ही उतरण आणखी स्पष्ट दिसते : पालकांची साथ १.२२, मुलाचा पुढाकार ०.४१, आणि ऑटिझमच्या खुणांची तीव्रता फक्त ०.२४ ने कमी, जो फरक योगायोगानेही येऊ शकला असता.

‘मग ऑटिझम बरा होतो की नाही?’

नाही. तसं कुणी म्हटलंही नाही. त्याच इंग्लंडमधल्या १५२ पैकी १२१ मुलांना उपचार संपल्यावर सुमारे सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. पॅक्ट मिळालेल्यांपैकी ४६ टक्के मुलं खुणा तीव्र असलेल्या गटात होती, न मिळालेल्यांपैकी ६३ टक्के. लहान वयात दिलेल्या उपचाराचा परिणाम इतकी वर्षं टिकल्याचं ऑटिझमच्या संशोधनात क्वचितच दिसलं आहे, म्हणून २०१६ मध्ये त्याची मोठी बातमी झाली. पण चिंता, नैराश्य किंवा त्रासदायक वागणं यांत दोन गटांत फरक नव्हता. पुढे हीच पद्धत घराबरोबर शाळेतही नेऊन २४९ मुलांवर चाचणी घेतली, तेव्हा ऑटिझमच्या खुणांवर परिणाम दिसला नाही. हा निकाल २०२२ चा.

तेव्हा अपेक्षा अशी ठेवावी : मूल अधिक वेळा स्वतःहून तुमच्याकडे वळेल. घरात राहणाऱ्यांना विचारा, ही गोष्ट लहान नाही. पण ‘सहा महिन्यांत ऑटिझममुक्त’ असं कुणी सांगितलं तर पाकीट खिशातच ठेवा. विशेषतः स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये मागणाऱ्यांपासून लांब राहा. ऑटिझमसाठी तो उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे.

‘तज्ज्ञ नसलेल्याच्या हाती मूल कसं सोपवायचं?’

मूल तिच्या हाती नसतं, तुमच्याच हाती असतं. आणि कार्यकर्ती एकटी नसते. मँचेस्टरच्या तज्ज्ञांनी इथल्या तज्ज्ञांना शिकवलं, इथल्या तज्ज्ञांनी कार्यकर्त्यांना, आणि कार्यकर्त्यांच्या भेटी तपासून गुण देण्याची सोय ठेवली. ही देखरेख काढली तर जे उरतं ते पास नव्हे. उद्या सरकारने ही पद्धत आरोग्य केंद्रांतून राबवायची ठरवली, तर किती कार्यकर्त्या नेमल्या हे विचारू नका. त्यांच्यावर देखरेख कोण ठेवणार, ते विचारा. असल्या योजना कोलमडतात त्या तिथेच. यूट्यूब बघून करण्यातही तीच त्रुटी : व्हिडिओ तुम्हाला दाखवतो, तुम्हाला बघत नाही.

निदान, अपस्माराचे झटके, झोपेची औषधं, श्रवणतपासणी ही कामं मात्र डॉक्टरांचीच.

‘पालकांना शिकवायचं, म्हणजे दोष आईचाच?’

हा प्रश्न बहुतेक आया उघडपणे विचारत नाहीत, पण तो मनात असतो. विसाव्या शतकाच्या मध्यात ‘आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो’ असं मत खरोखरच प्रचलित होतं. ते केव्हाच निकालात निघालं. ऑटिझमच्या मुळाशी मुख्यतः आनुवंशिक घटक आहेत. पासच्या पालकांना शिकवलं जातं ते कमी पडतात म्हणून नव्हे. ज्या मुलाचे इशारे सहज दिसत नाहीत, त्याच्याशी खेळायला जास्तीचं कौशल्य लागतं, म्हणून. टीव्ही बंद ठेवायला सांगतात तोही खेळायचा वेळ वाचावा म्हणून.

‘घरी कोंकणी, शाळेत मराठी, डॉक्टर म्हणतात इंग्रजीच बोला’

दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात आढळलेलं नाही. आईला ज्या भाषेत लाडीगोडी, गाणी आणि थट्टा आपसूक जमते ती भाषा ठेवावी. मोडक्या इंग्रजीत दिलेली साथ बेसूर लागते.

निदानाची वाट न बघता

वयाच्या पहिल्या वर्षापर्यंत बोट दाखवणं किंवा बडबड नाही, सोळा महिन्यांपर्यंत एक शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडून नाहीत, किंवा कुठल्याही वयात आलेलं बोलणं गेलं, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत थांबू नये. सर्वांत आधी कान तपासून घ्यावेत. हाकेला ओ न देणारं मूल बहिरंही असू शकतं, आणि त्याचा उपचार पूर्ण वेगळा. अंगणवाडी आणि शाळांतली तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होते. २०१३ पासून चालू असलेल्या या योजनेत १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात, आणि संशय आला तर पुढे जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवण्याची सोय आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम मोडतो. प्रमाणपत्रासाठी इसा ही ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण, आणि ७० च्या वर गेलं की ऑटिझम धरतात. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, सरकारी संकेतस्थळावर करायचा. प्रमाणपत्र हाती आलं की राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात नाव घालता येतं. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि वाचा-उपचारासारख्या नियमित उपचारांसाठीही तरतूद असते. पावत्या पहिल्या दिवसापासून एका फायलीत लावून ठेवा, मुलाचं नाव आणि तारीख प्रत्येकीवर आहे ना ते काउंटरवरच बघून घ्या. प्रमाणपत्राला महिने लागू शकतात. चटई, चेंडू आणि दहापर्यंत मोजणं यांना कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही, तेवढं आज संध्याकाळपासून करता येईल.